केंद्रावरचं झाकण

सर, सोमवारी आमचा शोधनिबंध पाठवायचा आहे आणि त्यावर तुमचं नाव घालायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, एवढ्यासाठी पत्र कशाला, दार उघडं आहे, आत ये की. ते दार आता बंद असतं. तुमच्या खोलीत एक नवीन माणूस बसतो, ताऱ्यांच्या वातावरणावर काम करतो, अगदी सज्जन आहे, पण दार लावून बसतो. व्हरांड्यातून जाताना माझे पाय तिथे अजून जरा अडखळतात आणि मग मी स्वतःवरच चिडते, कारण तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. निबंध आपल्या बटू दीर्घिकांवरचा, त्या छोट्या, अंधुक आकाशगंगांवरचा आहे. आपल्या म्हणते, कारण सगळं आकाश धुंडाळून त्या निवडल्या तुम्ही, दुर्बिणीचा वेळ मागायला वर्षानुवर्षं हेलपाटे घातले तुम्ही, आणि निरीक्षणं हातात यायच्या आधीच तुम्ही गेलात. निबंधात तुमचं म्हणणं चुकीचं ठरलं आहे. नावाचा प्रश्न त्यामुळेच आहे, नाहीतर प्रश्न कसला होता.

मी तुमच्याकडे आले तेव्हा घाबरलेली होते. संस्थेत सगळीकडे इंग्रजी, खालच्या कॉफीवाल्याकडे कन्नड, आणि मी व्हरांड्यात उभी राहून फोनवर आईशी आमच्या घरातलं मराठी बोलत होते, ज्यात दर चौथा शब्द कन्नड. आमचं घराणं इथे कित्येक पिढ्या मुरलेलं; अण्णांचं चिकपेटात साड्यांचं दुकान. तुम्ही मागून आलात आणि म्हणालात की या मराठीत तांदूळ किती आणि खडे किती, ते पाखडायला सूप आणावं लागेल. तुम्ही स्वतः बेळगावकडच्या खेड्यातले, तुमचं मराठीही काही फार सोवळं नव्हतं, पण ते तुम्हाला सांगणार कोण. त्या दिवसापासून गणित इंग्रजीत आणि भांडण मराठीत, अशी आपली वाटणी झाली. भांडण बऱ्याचदा जास्त व्हायचं. मला ते आवडायचं, हे तेव्हा कळलं नाही.

तुमची कल्पना मला पहिल्यांदा नीट कळली ती फळ्यापुढे नाही, जे. पी. नगरच्या तुमच्या स्वयंपाकघरात. रविवारची दुपार आहे. काकूंनी फ्रिजमधलं कालचं घट्ट वरण पातेल्यात ओतलं आहे. ते मध्ये गोळा होऊन बसलंय आणि कडेने बुडबुडे येताहेत. तुम्ही काकूंच्या हातातली पळी घेता. म्हणता, लोक समजतात की डार्क मॅटरचे, म्हणजे त्या न दिसणाऱ्या द्रव्याचे कण एकमेकांना शिवतच नाहीत, भुतांसारखे आरपार जातात. तसं असेल तर बटू दीर्घिकेच्या मधोमध ते असेच गच्च साचायला हवेत, गार, म्हणजे संथ. पण मोजायला गेलं तर कितीतरी बटू दीर्घिकांचा मध्य गच्च नसतोच, पसरट असतो, सपाट. मग तुम्ही पळी फिरवता. ते कण एकमेकांवर आदळत असतील तर कडेची ऊब मध्यापर्यंत पोचते आणि गोळा सैल होऊन पसरतो. काकू म्हणतात, बाहेर सांडतंय, पळी इकडे द्या. तुम्ही पळी देत नाही. तुम्ही मला विरोधकांचं म्हणणंही सांगता, अगदी प्रामाणिकपणे: तारे फुटतात, त्या धक्क्यांनी वायू बाहेर फेकला जातो आणि त्या हिसक्यांनीच मधला गोळा सैल होतो, टकरींची गरजच नाही. म्हणून तुम्हाला अशा दीर्घिका हव्या होत्या जिथे तारे जेमतेम आहेत, फुटून फुटून फुटणार किती. तिथेही मध्य सपाट निघाला, तर टकरी खऱ्या. सगळ्यांचा सपाट निघणार, हे तुम्ही भाषणांतून छातीठोकपणे सांगत राहिलात. लोक हसत आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर हसत होता. अशा दिवशी तुम्ही घरी येऊन जेवत नव्हता, हे काकूंनी मला फार नंतर सांगितलं.

झाकणाची पद्धतही तुमचीच. दीर्घिकेतला वायू मध्यापासून किती अंतरावर किती वेगाने फिरतो याचा आलेख काढायचा, त्यावरून कुठे किती वस्तुमान आहे ते कळतं. पण आलेखाचा डावा कोपरा, म्हणजे नेमका मध्य, आधी कोणी बघायचा नाही. तुम्ही कागदावर जेवणाच्या डब्याचं झाकण ठेवत होता. आता संगणकातला प्रोग्रॅम तेवढा भाग लपवतो, पण त्यालाही आम्ही झाकणच म्हणतो. बाहेरचं सगळं मोजून, तपासून, पक्कं करून झालं की मग सगळ्यांसमोर झाकण काढायचं, आणि काढल्यावर कशाला हात लावायचा नाही. उत्तर दिसलं की माणसाचा हात आपोआप आवडत्या उत्तराकडे जातो, असं तुमचं म्हणणं. मध्ये टेबलावर बेळगावचा कुंदा ठेवलेला असे आणि ज्याचं भाकीत चुकलं त्याला पहिला घास मिळे. बरोबर ठरलेल्याला गोड लागत नाही, तो आधीच गोड झालेला असतो, असं काहीतरी तुम्ही म्हणत होता. दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत अशी रीत असेल असं मला वाटत नाही.

पण तुम्ही काही संत नव्हता, सर. एका चर्चासत्रात मी उठून म्हटलं की अमुक एका दीर्घिकेचा मध्य ताऱ्यांच्या स्फोटांनीही सैल झालेला असू शकतो, आपल्याला ते वगळता येत नाही. सरळ साधी गोष्ट होती. तुम्ही तिथे काही बोलला नाहीत. बाहेर जिन्यापाशी मला थांबवलंत आणि हळू आवाजात विचारलंत, "तू माझ्या बाजूची आहेस का त्यांच्या गं?" ज्याने झाकण ठेवायला शिकवलं त्याने बाजू विचारावी, याचा मला इतका राग आला की आठवडाभर मी तुमच्याकडे फिरकले नाही. तो राग अजून पुरता गेलेला नाही, हे पत्र लिहितानाही मनगटात जाणवतो. आणि तरी माझी पदवी झाली तेव्हा चिकपेटात एकटे जाऊन माझ्यासाठी साडी घेणारेही तुम्हीच. अण्णा संध्याकाळी घरी येऊन सांगत होते की आज दुकानात एक भला माणूस आला, पाऊण दुकान खाली उतरवायला लावलं आणि विचारतो काय, फिजिक्स शिकलेल्या मुली कुठल्या रंगाच्या नेसतात. अण्णांनी त्याला मोहरीच्या रंगाची दिली, कारण ती बरेच दिवस खपत नव्हती. दुसऱ्या दिवशी तीच साडी तुम्ही माझ्या हातात ठेवलीत. ते दुकान आमचं, हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

आता झाकण निघालं त्या दिवसाचं सांगते. दुपारची वेळ, चर्चेची छोटी खोली, कॉफी, मध्ये कुंद्याचा डबा. आम्ही चारपाच जण होतो. मध्य सपाट असेल तर आलेखाची रेघ मुळापासून सावकाश चढते, गच्च असेल तर सुरुवातीलाच उभी चढते, त्यामुळे बघणाऱ्याला एका नजरेत कळतं. पहिली दीर्घिका आली, रेघ सावकाश चढली. दुसरीही तशीच. तिसरीची रेघ उभी गेली. मग आणखी एक सपाट, मग दोन उभ्या. वस्तुमान सारखं, शेजारीपाजारी कोणी नाही, तारे सगळीकडे जेमतेम, आणि तरी काहींचा मध्य सपाट, काहींचा गच्च. तुमच्या ‘सगळ्यांचा सपाट’ या शब्दांतला ‘सगळ्यांचा’ तिथेच गळून पडला. माझी विद्यार्थिनी पुण्याहून आलेली आहे, हुशार आहे, तिने डब्याचं झाकण उघडून ठेवलं होतं. तिने हळूच विचारलं की पहिला घास कोणाचा. ज्याचा होता तो खोलीत नव्हता. मी डबा बंद केला आणि फ्रिजमध्ये ठेवून दिला, दोन दिवसांनी कोणीतरी तो संपवला.

चार दिवसांनी ती माझ्या खोलीत आली, चेहरा उजळलेला. दीर्घिका ही थाळीसारखी असते आणि ती आपल्याकडे किती कललेली आहे त्यावर वेगाचं मोजमाप ठरतं. कल चुकला की वेग चुकतो आणि मध्याचं सगळं गणित चुकतं. तिने गच्च निघालेल्यांपैकी दोन दीर्घिका पुन्हा बारकाईने पाहिल्या होत्या. "मॅम, जेन्युइनली एरर आहे. डिस्क आतून वाकलीये, आपण बाहेरचाच टिल्ट सगळीकडे वापरला. करेक्ट केला की सेंटर फ्लॅट येतो. दोन्ही." मी पाहिलं. ती खरंच सांगत होती, थाळी वाकलेली होती, चूक खरी होती. सर, त्या क्षणी मला काय वाटलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. तुमचं म्हणणं जरा सावरत होतं आणि तेही लबाडी न करता, खऱ्या दुरुस्तीने. मी तिला शाबासकी दिली. ती दाराशी पोचली तेव्हा मी तिला परत बोलावलं आणि विचारलं की सपाट निघालेल्या दीर्घिकांचा कल तू असाच पाहिलास का. ती म्हणाली, नाही, त्या तर ठीकच आल्या होत्या. तिचा दोष नव्हता. आपल्याला दुखतं तिथेच आपण दिवा धरतो. सगळ्या दीर्घिका एकाच मापाने पुन्हा तपासायला लावल्या, हे तुमच्या नियमात बसत नाही, तरी केलं आणि तसं निबंधात लिहिलंही. त्या दोन सपाट झाल्या आणि सपाट असलेल्या दोन गच्च झाल्या. फिरून तिथेच.

एक पळवाट अजून आहे, तुम्हालाही ठाऊक असलेली. टकरी फार काळ चालल्या की उलटा प्रकार सुरू होतो, मधली ऊब बाहेर जायला लागते आणि सैल झालेला मध्य आवळत आवळत पहिल्यापेक्षाही गच्च होतो. म्हणजे सपाट निघाला तरी टकरी आणि गच्च निघाला तरी टकरीच. आज बरेच हुशार लोक हे मांडताहेत आणि कदाचित ते बरोबरही ठरतील. पण आपल्या दीर्घिका एकट्या, निवांत, हे आवळणं लवकर घडवणारी शेजारच्या मोठ्या दीर्घिकेची ओढ त्यांना नाही. त्यांचा मध्य इतक्यात आवळायचा तर टकरी तुम्ही धरल्या होत्या त्याहून कितीतरी जोरदार हव्यात, आणि तशा असतील तर उरलेल्या सपाट कशा राहिल्या? तुमची कल्पना अगदी संपली असं मी कुठेही लिहिलेलं नाही. टकरी असतीलही. फक्त तुम्ही जन्मभर ज्या रूपात ती मांडलीत, एकच जोर, सगळीकडे सपाट मध्य, ते रूप गेलं. माझ्यानंतर कोणी ती उभी केली तर ती त्याची असेल, तुमची नसेल, आणि हे मला फार लागलं.

गेल्या शनिवारी काकूंकडे गेले. घर तसंच आहे, खाली पाण्याचा टँकर उभा, वर काकूंची कन्नड मालिका चालू. त्यांनी आवाज बंद केला आणि चित्र चालू ठेवलं. दर वर्षी मी गेले की त्या विचारतात, ह्यांचं खरं निघालं काय, आणि दर वर्षी मी म्हणायची, अजून निरीक्षणं चालू आहेत. या वेळी त्यांनी विचारलं आणि मी कलाबद्दल, मोजमापाबद्दल, टकरींच्या जोराबद्दल बोलत सुटले. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला गोल गोल सांगू नकोस. निघालं का नाही?"

"नाही, काकू. चुकलं."

"सगळंच?"

"मध्याबद्दलचं."

"मग राहिलं काय गं? दुसरं काय केलं त्यांनी जन्मभर?"

मी म्हटलं की पद्धत त्यांची आहे, दीर्घिका त्यांनीच निवडल्या, त्यांच्याशिवाय हे कळलंच नसतं, म्हणून लेखावर त्यांचं नाव घालणार आहे, खाली दिवंगत अशी टीप देऊन. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. काकूंचा चेहरा बदलला. म्हणाल्या, "नको घालू. मेलेल्या माणसाकडून चुकलो म्हणून कशाला वदवून घेतीस? त्यांना आता उलटून बोलता येत नाही." मी सरी म्हटलं, म्हणजे बरं. इतक्या चटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. त्यांनी चहा केला, मी घेतला, मालिकेतल्या सुनेबद्दल दोन शब्द बोललो. जिना उतरताना अंगावरचं ओझं गेल्यासारखं हलकं वाटत होतं, आणि खाली टँकरपाशी उभी राहिल्यावर कळलं की हलकं का वाटतंय. तुमचं नाव नसलं की हे काम माझं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, पूर्ण माझं. जिथे गेले तिथे मी तुमची विद्यार्थिनी होते. आता तुम्ही चूक आणि मी तुम्हाला चूक ठरवणारी, असं साधं चित्र झालं असतं, आणि वर काकूंची इच्छा पाळल्याचं पुण्य. मला स्वतःची किळस आली. रिक्षात बसले तर रिक्षावाला विचारतोय अक्का, एल्लिगे, कुठे जायचं, आणि मी नुसतं समोर बोट दाखवलं.

हा सगळा आठवडा मी हेच उलटसुलट करते आहे. विद्यार्थिनीला विचारलं तर ती म्हणाली, "मॅम, ऑथर म्हणजे त्याला कन्क्लूजन मान्य पाहिजे ना. सरांनी हे अप्रूव्ह केलं असतं?" झाकण ठेवणाऱ्या तुम्हाला हे मान्य झालं असतं. जिन्यापाशी मला थांबवणाऱ्या तुम्हाला झालं नसतं. आणि तुम्ही दोन्ही होता, एकाच अंगरख्यात, एकाच चष्म्याआड. मी त्यातल्या कुठल्या माणसाचं नाव घालू?

इथवर काल लिहिलं होतं. आज दुपारी मी नाव घातलं. शेवटून दुसरं, माझ्या आधी, पुढे बारीक फुली आणि तळाशी टीप. मग काकूंना फोन लावला, कारण त्यांना दुसऱ्याकडून कळणं बरं नव्हतं. मी म्हटलं की तुम्ही नको म्हणालात तरी घातलंय, त्यांचं काम होतं, ते वगळणं अन्याय झाला असता, सरांनीच मला शिकवलं की निघेल ते लपवायचं नाही. बोलताना माझा आवाज चांगला ठाम होता. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "घालायचंच होतं तर मला सरी म्हणालीस कशाला?" आणि फोन ठेवला. मी परत लावला नाही.

हे पत्र पाठवायचं तर तुमचा एकच पत्ता माझ्याजवळ आहे आणि तिथे टपाल काकू उघडतात, म्हणून ते इथेच राहील. काकूंना मी जे कारण सांगितलं ते खोटं नाही. तुमच्यावर अन्याय होऊ नये असं मला वाटलंच. पण नाव लिहिताना माझ्या मनात तुम्ही नव्हता. मनात होते ते भाषणानंतर कॉफी पिताना बोलणारे लोक, स्वतःच्या गुरूला बुडवून वर आली म्हणणारे. तुमचं नाव शेजारी असलं की त्यांना तसं म्हणता येणार नाही. तुम्हाला एकटीने चूक ठरवायचं धैर्य मला झालं नाही, सर, म्हणून त्या कामालाही मी तुम्हालाच सोबत घेतलं.